दयेच्या नावानं काढून घेतलेलं काम

(उरण येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत. पण आज कविता वाचणार नाही, हिशेब मांडणार आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या पोरीबाळींचा हिशेब. त्या गिरण्यांत माणसं गेली ती रत्नागिरी, सातारा, कुलाबा अशा जिल्ह्यांतून. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. तेव्हा हा हिशेब परक्याचा नाही.

गिरणगाव म्हटलं की आपल्याला पुरुष आठवतो. त्याचा भोंगा, त्याची पाळी, त्याचा संप. बाई आठवते ती खानावळवाली. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. ती रिळिंगमध्ये आणि वाइंडिंगमध्ये उभी असायची. सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची. पगार उक्ता. सूत तुटत राहिलं तर नुकसान तिचं, मालकाचं नाही.

ताडदेवची पहिली गिरणी १८५६ ला सुरू झाली. विजेचे दिवे नव्हते तोवर दिवस उजाडला की यंत्र चालू, मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-तेरा तास. कारखान्यांचा पहिला कायदा आला १८८१ साली. त्यानं काय दिलं? सात वर्षांच्या पोरीला नऊ तास राबवायला परवानगी! मोठ्या बाईबद्दल तो कायदा मुका होता.

बायांवर मुकादम म्हणून नायकीण असायची. कामावर घेणार ती, काढणार ती. तिचा हात ओला केल्याशिवाय कुणाला काम मिळायचं नाही. म्हणजे बाईच्या मानेवर बाईचाच हात, आणि त्या हातामागं मालक. घरी तान्हं मूल. ते रडू नये म्हणून अफूची बाळगोळी. १९२२ साली डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणांचा तपास केला, तेव्हा ही गोळी सरकारी कागदावर आली. आईला दोष देणं सोपं आहे. पण मूल ठेवायला जागा न देणारी गिरणी कुणाची होती?

या बाया गप्प बसल्या नाहीत. २४ एप्रिल १८९० ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार बाया बोलल्या. त्याच साली जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवार आजही आपण भोगतो. त्या दोघींची नावं मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत.

आता माझा मुद्दा. बाईला गिरणीतून शिव्या देऊन हाकललं नाही. दया दाखवून हाकललं. १८९१ च्या कायद्यानं तिचे तास अकरावर आणले. चांगलं झालं. पुढं तिला रात्रपाळी बंद झाली. तेही चांगलं, असं सगळे म्हणाले. पण गिरण्या रात्री चालायला लागल्या, नवी यंत्रं आली, रिळिंगची कामं आटली, तेव्हा मालक म्हणाला, बाई परवडत नाही. युनियनवालेही एकट्या पुरुषाच्या पगारात घर चालावं, हीच भाषा बोलत राहिले.

हा डाव बाबासाहेबांनी ओळखला होता. १९२८ चा संप आठवा. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता, जास्त पगाराची जागा त्याला बंद होती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. त्याच साली जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं, की आईला विश्रांती मिळणं हे देशाचं हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. पण मालकालाही सोडता येणार नाही, कारण बाई स्वस्त पडते म्हणूनच तो तिला कामावर ठेवतो. १९२९ ला कायदा झाला. खर्च पडला तो मालकावर, आणि मालकानं तो चुकवायला बाईच कमी केली. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांत बाया मूठभर उरल्या होत्या.

आज आपल्याकडे बघा. १९८९ ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, मागोमाग गोदामं आली. तिथं माल निवडायला, लेबल लावायला आपल्याच वस्तीतल्या पोरी जातात. नायकीण गेली, ठेकेदार आला. कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. अट एवढीच, की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. मी एका गोदामात बघितलंय. पोरीचे सत्तर दिवस भरले की तिचं नाव कटतं आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या वहीत नवीन चढतं. पोरगी तीच, काम तेच, दिवस मात्र पुन्हा एकपासून.

म्हणून सांगतो, नुसत्या घोषणा पुरे. प्रत्येक वस्तीत एक वही करा. कामाला जाणाऱ्या प्रत्येक बहिणीचं नाव, ठेकेदाराचं नाव आणि कामाचा दिवस रोज लिहा. ती वही बायांच्याच हातात राहू द्या. ८० दिवस भरलेले कुणी नाकारले, तर ती वही घेऊन आपण सगळे दारात उभे राहू. आणि पुढच्या सभेत या जागेवर माझ्याऐवजी त्यातलीच एक बोलेल. तिचं नाव मासिकात छापून येईल.

जय भीम.