परत आलेल्या हातांस धंदा द्या
(वाडीच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील चूल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीवर पेटत असे. जमीन खोताची, वाट्यास तुकडा, म्हणून घरातील एक भाऊ गिरणीत जावयाचा व त्याच्या मनीऑर्डरीवर घर चालावयाचे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली; मनीऑर्डरीची वाट पाहणे मात्र गेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही व ते वळकटी घेऊन गावी आले. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी असेच परतले. त्यांस आपण काय दिले? चार दिवस कीव दिली, धंदा दिला नाही. शिल्लक संपली की माणूस पुन्हा मुंबईची गाडी धरतो.

धंदा आपल्या परसातच आहे. मार्च ते मे काजूबी निघते, ती आपण पोत्याने व्यापाऱ्यास घालतो. चार किलो बियांतून सुमारे एक किलो गर निघतो. बी वाळविणे, वाफविणे, फोडणे, गर सुकविणे, साल काढणे, प्रत लावणे, एवढेच ते काम. त्याची मजुरी व नफा दोन्ही आपण गावाबाहेर धाडतो.

मग असे कारखाने बुडतात कां? बी मिळते दोन-तीन महिने, कारखाना चालवावयाचा बारा महिने. वर्षाची बी हंगामातच भरावी लागते. ज्याने सारे कर्ज यंत्रात व शेडमध्ये घातले, त्याच्यापाशी बी घ्यावयास पैसा उरत नाही. यंत्र बंद पडून राहते, हप्ता मात्र थांबत नाही.

२००८ साली निघालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी २५ टक्के, आणि स्त्रिया, मागासवर्गीय इत्यादिकांस ३५ टक्के अनुदान ठेवले गेले. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षे बँकेत अडकून राहते. त्याच्या भरवशावर कोणी उसनवारी करू नये. जिल्हा उद्योग केंद्रात कोणत्याही योजनेचा अर्ज करताना यंत्राआधी खेळत्या भांडवलाची गोष्ट काढावी.

आमच्या सूचना तीन. घरटी एक यंत्र नको. चार वाड्यांनी मिळून एक कारखाना काढावा. बागवाल्यांनी बियांची निम्मी किंमत हंगामात घ्यावी व निम्मी गर विकल्यावर. म्हणजे भांडवलाचा अर्धा भार हलका होईल. आणि ग्रामसभेने परत आलेल्यांची यादी करावी: कोण फिटर, कोण शिंपी, कोण हिशेबनीस. गिरणीत माग सांभाळलेल्या हाताला काजू फोडण्याचे यंत्र जड नाही.

अर्ज भरून देणे व जमाखर्च शिकविणे हे काम आम्ही मास्तर मंडळी रोज संध्याकाळी शाळेत करू. त्याबद्दल कोणी पैसा देऊ नये. वही मात्र स्वतःची आणावी, आणि घरातील बाईमाणसासही बरोबर आणावे. कारण हिशेब तिला कळला तरच धंदा टिकेल.