रुपयाचा इतिहास आणि आमची मजुरी

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यास मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय फळ्यावर लागला तेव्हा एक-दोघांनी आम्हाला विचारले, "वर्धापनदिनाला हा रुक्ष विषय कशाला?" प्रश्न योग्य आहे. पण ज्या महामानवाची तसबीर आपल्या प्रत्येक घरात आहे, त्यांचे पहिले मोठे संशोधन याच रुक्ष विषयावर आहे. राज्यघटनेच्या आधी, चवदार तळ्याच्या आधी बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या ग्रंथालयांत बसून काय वाचत होते? तर जुने जमाखर्च. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्त, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची वाटचाल आणि रुपयाचा प्रश्न, अशी ही तीन लिखाणे. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये ती खंड ६ मध्ये एकत्र छापली. आपल्याकडे हा खंड कपाटात असतो, त्याला हारही घालतात, पण उघडतात थोडे. आमच्या मंडळाने तो हळूहळू वाचायला घेतला आहे. त्यातला रुपयाचा भाग आज सांगतो, कारण तो थेट आपल्या चुलीपर्यंत येतो.

१८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया म्हणजे तोळाभर वजनाचे चांदीचे नाणे. कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे आणि थोडी घडणावळ देऊन रुपये पाडून आणावेत, असा कायदा होता. १८७० नंतर युरोपातील देश सोन्याच्या नाण्याकडे वळले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या आणि चांदीचा भाव कोसळला. त्याबरोबर रुपयाही घसरला. पूर्वी एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, ते १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आले. सरकारला विलायतेतील पेन्शने आणि कर्जाचे व्याज पौंडात पाठवावे लागे. ते भागवायला दरवर्षी जास्त रुपये लागू लागले. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर बांधला गेला.

इथे आयाबायांनी जरा लक्ष द्यावे. गरिबाच्या घरात सोने कुठले असणार? पुंजी म्हणजे चांदीचे वाळे, गोठ, पैंजण. टाकसाळ उघडी होती तोवर तोळाभर चांदी आणि एक रुपया यांत फारसा फरक नव्हता. टाकसाळ बंद झाली आणि नाण्यातली चांदी महाग, पायातली चांदी स्वस्त असा प्रकार झाला. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. तेव्हा ज्यांनी दागिने मोडले त्यांच्या हातात किती आले असेल, याचा हिशेब कोणत्या सरकारी समितीने मांडला?

आता बाबासाहेबांचा मुद्दा. रुपया घसरत होता तेव्हा निर्यात करणाऱ्यांची आणि गिरणीवाल्यांची चलती होती. मालाचे पैसे सोन्याच्या हिशेबात येत, मजुरी मात्र रुपयात द्यायची. मोठमोठे लोक म्हणत, बघा, घसरलेला रुपया देशाला फायद्याचा आहे. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? त्यांचे उत्तर सरळ होते. भाव आधी चढतात, मजुरी मागाहून चढते. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होते, तेच मालकाच्या नफ्यात दिसते. देश म्हणून बेरीज केली तर हे दिसत नाही. घराघराने वजाबाकी केली तर दिसते.

टाकसाळी बंद झाल्यावर रुपये पाडायचे की नाही हे एकट्या सरकारच्या हातात आले. नामांकित अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ साली या व्यवस्थेची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात तिला कडक विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, विलायतेशी हुंडणावळीचा दर स्थिर राहिला एवढ्याने भागत नाही. बाजारात रुपयाला धान्य किती मिळते ते बघा. सरकारने स्वतःच्या मर्जीने नाणी वाढवायची आणि त्याची किंमत लोकांनी महागाईतून भरायची, हे थांबले पाहिजे. त्यांचा उपाय असा की, टाकसाळ जशी लोकांना बंद आहे तशीच सरकारलाही रुपयासाठी बंद करावी आणि सोन्याचे नाणे सुरू करावे. लंडनचे प्राध्यापक कॅनन यांनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्यातच आपले मतभेदही नोंदवले. असे गुरू आणि असे शिष्य!

हे सारे त्यांनी नुसते पुस्तकातून पाहिले असे आम्हाला वाटत नाही. १९१८ ते १९२० ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि राहत परळच्या चाळीत. पहिल्या महायुद्धामुळे महागाई भडकली होती आणि जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. संपाची कारणे प्राध्यापकांच्या शेजारच्या खोल्यांतच राहत होती.

पुढे १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. सभांतून आपले वक्ते "रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली" असे एका वाक्यात सांगून टाळ्या घेतात. आमचे मत विचाराल तर इतके फुगवून सांगायची गरज नाही. साक्ष छापलेली आहे, ग्रंथ छापलेला आहे. तेवढे सांगितले तरी मान ताठ राहते.

आता आजचे. सोन्याच्या नाण्याचा काळ गेला, तो उपाय जसाच्या तसा आज कोणी करणार नाही. पण सरकारने पैसा किती काढावा याला बांध हवा, हा प्रश्न तोच राहिला. केंद्र सरकारला तूट आली की रिझर्व्ह बँकेकडून आपोआप हुंड्या वटवून घ्यायची सोय अनेक वर्षे होती. ती १९९७ च्या एप्रिलपासून बंद झाली. २०१६ साली कायदा बदलून महागाईचे लक्ष्य ४ टक्के, खाली २ आणि वर ६, असे ठरले. ही चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण बाबासाहेबांचा अर्धाच प्रश्न त्याने सुटतो. मजुरी मागाहून चढते त्याचे काय? सरकारी नोकराला वर्षातून दोनदा महागाई भत्ता मिळतो. किमान वेतनालाही कागदावर विशेष भत्ता जोडलेला असतो. पण कंत्राटी सफाई कामगार, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी आपली बहीण? तेलाचा डबा एका रात्रीत महागतो, तिचा पगार वाढवायचा विषय दिवाळीला निघतो. निघाला तर.

दुसऱ्या ग्रंथाबद्दल थोडेच सांगतो, वेळ कमी आहे. १८३३ पासून सगळा महसूल मध्यवर्ती सरकारकडे गेला. प्रांतांनी फक्त मागायचे आणि खर्च करायचे. जो जास्त ओरडेल त्याला जास्त, अशी गत झाली. १८७० नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने कशी बदलत गेली, ते बाबासाहेबांनी १९२५ च्या ग्रंथात दाखवले. घटनेच्या कलम २८० मध्ये दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमायची तरतूद आहे. तिच्याकडे बघताना हा इतिहास आठवतो. आजही केंद्राच्या उपकर आणि अधिभारांत राज्यांना वाटा नसतो, म्हणून भांडण चालूच आहे. आणि राज्याच्या तिजोरीतून आपल्या वस्तीपर्यंत काय येते? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के होत्या. अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाखाली लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद व्हावी असे धोरण आहे. तरतूद किती, खर्च किती आणि कशावर, हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत मराठीत छापलेले असते. कॉमर्सला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ते आकडे काढून विहाराच्या फलकावर लावावेत. मोर्चाला जाताना हातात घोषणेबरोबर आकडाही असू द्या.

मंडळाने एक काम हाती घेतले आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. आपल्या वस्तीतल्या मजुरीचा आणि भावांचा इतिहास लिहायचा आहे. ज्यांच्या घरी गिरणीच्या, नगरपालिकेच्या, रेल्वेच्या जुन्या पगारपावत्या, किराणा दुकानाच्या उधारीच्या वह्या, भाड्याच्या पावत्या, रेशनची जुनी कार्डे असतील, त्यांनी त्या आणाव्यात. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींकडे कागद नसतो. त्यांनी कोणत्या साली कितीने सुरुवात केली ते तोंडी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही इथेच बसतो. मूळ कागद कोणी ठेवून जाऊ नये, झेरॉक्स काढून लगेच परत देऊ.

जयभीम, नमो बुद्धाय.