चित्रातील झीज आणि रुग्णाची वेदना



गुडघेदुखीचा रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा आम्ही त्याचे क्ष-किरण चित्र पाहतो. सांध्यातील फट किती अरुंद झाली, हाडांच्या कडांना किती वाढ फुटली, यावरून झिजेची श्रेणी ठरते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ ही श्रेणी आजही जगभर रूढ आहे. मात्र एकाच चित्राविषयी दोन अनुभवी डॉक्टरांतही मतभेद होतात.

हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकाने दिलेली श्रेणी सुमारे ६७ टक्के गुडघ्यांत तज्ज्ञांच्या श्रेणीशी जुळली.

परंतु आम्हांला अधिक विचार करावयास लावला तो २०२१ सालच्या अमेरिकेतील अभ्यासाने. झीज सारखी दिसत असूनही तेथील कृष्णवर्णीय रुग्णांना वेदना अधिक होत्या. संशोधकांनी संगणकाला डॉक्टरांची श्रेणी न शिकविता रुग्णांनी स्वतः सांगितलेली वेदना शिकविली. वेदनेतील ज्या तफावतीचा केवळ ९ टक्के भाग रूढ श्रेणीने उलगडत होता, तिचा ४३ टक्के भाग त्याच चित्रांतून उलगडला. वेदनेची खूण गुडघ्यातच होती. आमची नजर तेथवर पोहोचत नव्हती.

'फोटोत फारसे काही नाही' असे सांगून आम्हीही अनेक मातांना परत पाठविले आहे, हे येथे नम्रपणे कबूल करतो.

म्हणून हे साधन आमच्या दवाखान्यांत येईल, ते काही मर्यादा पाळूनच. वरील दोन्ही अभ्यासांतील गुडघे अमेरिकेतील होते. आपली माणसे मांडी घालून, उकिडवी बसणारी. तेव्हा संगणकाचा निष्कर्ष प्रथम आपल्याच रुग्णांवर पडताळून पाहू. चित्र रुग्णाला उभे करूनच काढू. प्रत्येक चित्र डॉक्टर स्वतः पाहतील, आणि रुग्णाचे म्हणणे केसपेपरवर आधी लिहिले जाईल. केवळ श्रेणी पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय होणार नाही.

यंत्रामुळे वाचलेला वेळ रुग्णाचे ऐकण्यात आणि त्याला व्यायाम शिकविण्यात खर्ची पडावा, हीच आमची इच्छा. आपल्या देणगीचे खरे सार्थक त्यातच आहे.