सोपा स्वयंपाक आणि गरम भाकर

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि ‘घरगुती सोपा स्वयंपाक’ या विषयावर चार शब्द बोला म्हणाल्या, तेव्हा मी पहिल्याने नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीपर्यंत झालेली. सभेत उभे राहायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, “अहो काकू, दोन वेळा रोज करता तेच सांगा.” तेवढे मात्र मला येते, म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले तर पदरात घ्या.

सोपा स्वयंपाक म्हणजे काय, याचा मी चार दिवस विचार केला. लवकर होतो तो सोपा, असे कोणी म्हणेल. कमी जिन्नस लागतात तो सोपा, असे दुसरी म्हणेल. दोन्ही खरेच आहे. पण मला त्याचा अर्थ वेगळ्याच ठिकाणी कळला, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निंदणाचे दिवस होते. शेतातून परत येताना धुऱ्यावरच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. सोबतच्या बायांनी पाणी पाजले, घरी आणले. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासले तर साडेआठ भरले. बाईच्या अंगात ते बारा तरी पाहिजे. तिथल्या नर्सबाईंनी विचारले, “काल दिवसभरात काय काय खाल्ले?” मी भराभर सांगू लागले, “सकाळी पोहे, मग पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. रात्री भाकर, बेसन, कांदा.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हे तुम्ही केले ते सांगितले. खाल्ले काय ते सांगा.”

मायबहिणींनो, मला आठवेना! सकाळी पोहे संपले होते म्हणून चहाच घेतला होता. दुपारी शेतात दीड पोळी. रात्री सगळ्यांचे झाल्यावर एक गार भाकर आणि कढईला लागलेली बेसनाची खरवड. इतके पदार्थ माझ्या हातून गेले, पण माझ्या पोटात त्यातले काय गेले, त्याचा हिशोब माझ्याजवळ नव्हता.

हे माझ्या एकटीचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी केली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता, म्हणजे वाढलाच. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण सगळ्यांच्या मागून, उरलेले आणि गार खाणे, हे त्यातले एक कारण आपल्या घरातलेच आहे. म्हणून मी ठरवले की जो स्वयंपाक करून बाईला घरच्यांबरोबर गरम जेवता येते, तोच सोपा स्वयंपाक.

आता कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायांना तर किती कष्ट होते! खरे आहे. पहाटे जात्यावर दळायचे, पाट्यावर वाटायचे, चुलीच्या धुरात डोळे चोळायचे. आज गावात चक्की आहे, घरात मिक्सर आहे, २०१६ साली उज्ज्वला योजना निघाल्यापासून पुष्कळ घरी गॅसही आला. मग आपला वेळ वाचायला पाहिजे होता. तो वाचला नाही, कारण कष्ट कमी झाले तसे ताटातले पदार्थ वाढले. एका पोराला पोळी पाहिजे, दुसऱ्याला भात, म्हाताऱ्यांना भाकर, आणि मोबाईलमध्ये पाहून रविवारी पनीरची भाजी वेगळी. जाते गेले, पण बाई काही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आपले वऱ्हाडी जेवण मुळात असे नव्हते. ते शेतावर जाणाऱ्या बाईने बसवलेले जेवण आहे. एक भाकर आणि एक कोरड्यास, फार तर सोबतीला ठेचा. त्यातलेच काही पदार्थ सांगते. नवे काही नाही, आपल्याच घरचे आहेत.

पहिले म्हणजे बेसन. पुण्याकडे ज्याला पिठले म्हणतात त्याला आपण बेसनच म्हणतो. लोखंडी कढईत तेल तापवून जिरे, मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतावा. हळद-मीठ घालून तीन वाट्या पाणी टाकावे आणि त्याला उकळी आली की एक वाटी बेसन वरून सोडत भरभर घोटावे. मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणावी. पंधरा मिनिटांचे काम आहे. कढई लोखंडीच ठेवा. तिचे थोडे लोह अन्नात उतरते, आणि आपल्याला तेच पाहिजे आहे. ॲल्युमिनियमच्या चकचकीत कढईत ते मिळत नाही.

दुसरी डाळभाजी. तुरीची डाळ, पालक आणि मूठभर आंबट चुका एकत्र शिजवायचे, घोटायचे आणि वरून लसूण-लाल मिरचीची खमंग फोडणी द्यायची. यात वरणही आले आणि भाजीही आली. दोन भांडी कमी झाली. तूर आपल्या शिवारातली, चुका परसातला. वर लिंबू पिळले तर पालेभाजीतले लोह अंगी जास्त लागते, असे नर्सबाईंनी सांगितले. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, हेही त्यांनी बजावले, कारण चहा ते लोह अंगी लागू देत नाही. आपण तर भाकर चहातच बुडवून खातो!

तिसरी अंबाडी. पाने धुऊन उकळून घ्यावी, आंबट पाणी काढून टाकावे. मग मूठभर ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून शिजवावी आणि घोटावी. वाढताना वरून लसणाच्या फोडणीचे तेल. याच्या जोडीला कळण्याची भाकर. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद आणि थोडे मीठ घालून दळून आणावे. ही भाकर चवीला इतकी खमंग लागते की नुसता ठेचा आणि कांदा असला तरी चालते.

चौथा घोळाणा. याला तर विस्तवही लागत नाही. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आणावे, नाहीतर मेथी घ्यावी. धुऊन चिरावी, त्यात कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून हाताने कालवावे. भाकरीसोबत खाऊन पाहा. शहरातले लोक आता कच्चा पाला खायला शिकत आहेत, आपण तो धुऱ्यावर बसून पहिल्यापासूनच खातो.

आणि कोणाला बरे नसेल, किंवा करायचा अगदी कंटाळा आला असेल, तर ज्वारीच्या कण्या शिजवाव्या आणि ताक-मीठ घालून खाव्या. कंटाळा येणे हा काही गुन्हा नाही.

भाकरीबद्दल नव्या सुनांना दोन गोष्टी सांगते, कारण भाकर तुटते म्हणून त्या पोळीच लाटतात. गव्हाला चिकटपणा असतो तसा ज्वारीला नसतो. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे आणि तळहाताने चांगले रगडून मळावे. आणि महिन्याचे दळण एकदम आणू नये. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळले तरी कडा फाटतात. आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. भाकर तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकू लागले की उलटावी, नंतर आचेवर फुगवावी. फुगली की समजावे, जमली.

आता फुगलेली ही भाकर कोण खाते? करणारी सोडून बाकी सगळे. भाकर गरमच खावी असे पुरुषमंडळी म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. म्हणूनच ती टाकणारी कधी पंगतीला बसू शकत नाही.

आमच्या घरी ते कसे बदलले ते सांगते. दवाखान्यातून आल्यावर मी गोळ्या घेऊ लागले. त्या रात्री नेहमीप्रमाणे चुलीपुढे बसले, तर सासूबाई जवळ आल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. आजवर त्या मला सांगत आल्या होत्या, “आधी माणसं, मग लेकरं, उरलं ते आपल्याले.” त्या दिवशी मात्र म्हणाल्या, “ऊठ वं. तू जेवाले बस. भाकर मी टाकतो.” मी नको नको म्हटले, तर रागावल्या. मी बसले. माझ्या ताटात तव्यावरची वाफाळती भाकर पडली. खाताना मला रडू आले. सासूबाई म्हणाल्या, “मले जल्मात दोनदाच गरम भाकर भेटली, दोन्ही बाळंतपणात, मायच्या घरी.”

तेव्हापासून आमच्या घरी रात्रीला एकच कोरड्यास होते आणि भाकरी आधी टाकून दुरडीत धुडक्यात गुंडाळून ठेवतो. तव्यावरची सर तिला नाही, पण ऊबदार राहते, आणि सगळे एकदम बसतो. शेवटच्या दोन भाकरी मुलगा टाकतो. पहिल्याने त्याच्या भाकरीला महाराष्ट्राच्या नकाशासारखे कोपरे होते, आता गोल येते. घरधनी हसले, शेजारी बोलले, आणि मग सगळे गप्प झाले. माझे रक्त आता साडेअकरावर आले आहे.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही असे मात्र म्हणू नका. आपल्याकडचे रोडगे कोण करते? नवसाचे असोत की हिवाळ्यातल्या रविवारचे, शेतात नाहीतर देवळापुढे जाऊन गोवऱ्या रचतात, जाड दळलेली कणीक तेल-मीठ घालून घट्ट मळतात. एकावर एक तेल लावलेले थर ठेवून वरून बंद करतात. गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यात गोळे ठेवून वरून गरम राख लोटतात. पाऊणएक तासाने काढून, फडक्यात झटकून, फोडून, त्यावर वरण आणि तूप. सोबत मोठ्या गंजातली झणझणीत वांग्याची भाजी. शंभर-दोनशे माणसांचा हा स्वयंपाक गड्यांच्या हातून होतो आणि उत्तम होतो. त्या दिवशी बाया झाडाच्या सावलीत पत्रावळीवर बसून जेवतात, गप्पा मारतात, पुन्हा मागून घेतात. रोडग्याची चव आपल्याला इतकी का आवडते, याचा मी विचार केला. निखाऱ्याचा खमंगपणा तर आहेच, पण त्या दिवशी आपण बसून खातो, हेही त्यात आहे. वर्षातून एकदा शेतात जमते ते आठवड्यातून एकदा घरात का जमू नये?

शेवटी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. भाकर, कळणा, कण्या असे मी सांगत गेले, पण ज्वारी कुठे आहे? आमच्या लहानपणी घरोघरी ज्वारीची कणगी असे आणि जनावरांना कडबा. आता वाशीमपासून रिसोड, मालेगाव, कारंज्यापर्यंत कुठेही जा, पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला, त्याला मी नावे ठेवत नाही. शिवाय ज्वारी पेरली तर पाखरे आणि रानडुकरे राखावी लागतात, तेही खरे. पण शेतकऱ्याच्या घरी ज्वारी दुकानातून विकत आणावी लागते, हे मनाला लागते. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि त्यासाठी आपल्याच देशाने पुढाकार घेतला होता. जगाला ज्वारीचे महत्त्व कळले, आणि आपल्याच शिवारातून ती चालली आहे. तेव्हा घरधन्यांना एवढे सांगा की घरापुरते चार तास ज्वारीचे टाका आणि धुऱ्याला अंबाडी टाका. खायला होईल, आणि हिवाळ्यात लेकीबाळी माहेरी आल्या की हुरडाही होईल.

तर भगिनींनो, आजच्या दिवशी मंडळाने एकच ठराव करावा अशी माझी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकीने आठवड्यातून निदान एक रात्र एकच कोरड्यास करावे आणि घरच्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसावे. आणि घरात सासू असेल, सून असेल, तर त्या रात्री एक गरम भाकर तिच्या ताटात आपल्या हाताने टाकावी. पुढच्या वर्धापनदिनी आपण एकमेकींना विचारू, “काल काय खाल्ले?” आणि त्या वेळी उत्तर द्यायला कोणालाही विचार करावा लागू नये.