आवडते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

लहानपणी कोणते पुस्तक सर्वांत आवडले होते, असा प्रश्न कोणाही प्रौढ माणसाला विचारून पाहावा. तो पुस्तकाचे नाव सांगतो. पण दोन वाक्यांतच पुस्तक बाजूला राहते आणि तो निराळेच काही सांगू लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतील एखादी दुपार, मलपृष्ठ गळून पडलेली प्रत, ती परत मागण्यासाठी तीनदा येऊन गेलेला शेजारचा मुलगा, रात्री दिव्यापाशी बसून वाचून दाखवणारी आत्या. कथानक विचारले तर निम्मे आठवत नाही, आणि त्याबद्दल त्याला खंतही वाटत नाही. आवड पुस्तकाची होतीच. पण ज्या हातांनी ते आले आणि ज्या आवाजात ते ऐकले, त्यांचीही ती होती.

हे ध्यानात न घेता जो आपले आवडते पुस्तक दुसऱ्याच्या मुलाला भेट देतो, त्याच्या वाट्याला बहुधा निराशा येते. मूल चार पाने वाचते, पुस्तक कपाटात जाते, आणि ‘हल्लीची मुले वाचतच नाहीत’ असा निकाल त्या घरात लागतो. निकाल घाईचा असतो. त्या मुलाला पुस्तक मिळालेले असते, आत्या मिळालेली नसते.

‘श्यामची आई’ हे याचे उत्तम उदाहरण होय. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. त्यातील प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, ‘रात्री’ म्हटले आहे. आश्रमातील प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, आणि एकेक आठवण एकेका रात्रीची असते. म्हणजे पुस्तकाची घडणच सांगण्या-ऐकण्याची आहे. रोज एक रात्र मोठ्याने वाचावी, मध्येच थांबावे, मुलाने काही विचारले तर बोलावे, असा त्याचा स्वभाव आहे. तेच पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन ‘वाच, चांगले आहे’ असे म्हटले, की पडवी, माजघर, सोवळे अशा शब्दांशी ते मूल अडखळते. बडोद्याच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने पडवी पाहिलेलीच नसते. शिवाय पानोपानी डोळे भरून यावेत अशी अपेक्षा त्याच्यावर लादली गेली, तर त्याचे मन साहजिकच मागे सरते. ज्याला त्याचे रडू आपोआप येईल, त्याला येऊ द्यावे.

पुस्तक माणसाकडे आपल्या पायांनी जात नाही, ते पोचवावे लागते, हे बडोदे संस्थानाने फार पूर्वी ओळखले होते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. तीन वर्षांच्या त्यांच्या मुक्कामात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली, ग्रंथपालांना शिक्षण देण्याची सोय झाली, आणि गावोगावी फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती खेड्यात पाठवावी, ठरावीक मुदतीनंतर परत आणावी आणि दुसरी पाठवावी, असा तो क्रम होता. वाचणाऱ्यास काही खर्च पडत नसे. मुलांसाठी ग्रंथालयात वेगळी जागा होती, खेळांचीही सोय होती. ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या नावाने लहानांसाठी पुस्तके निघाली. या योजनेतील खरी गोम पेटी भरणाऱ्याच्या विचारात होती. आपल्याला काय आवडते यापेक्षा त्या गावात काय वाचले जाईल, हे त्याला ठरवावे लागे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत आज तोच विचार करावा लागतो, आणि तो शहरागणिक बदलतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी अवगत असते आणि घरामुळे मराठी कळते. फक्त या दोन गोष्टींची गाठ कोणी घालून दिलेली नसते. त्याच्या बाबतीत पंधरा दिवसांचे काम असते. बडोद्याला गुजराती लिपी आणि हैदराबादेस तेलुगू लिपी आधी येते. तेथे ऐकण्यापासूनच आरंभ करणे बरे. वाचता येत नाही म्हणून ऐकवायचेही नाही, हा मात्र विचित्र न्याय आहे, आणि तो पुष्कळ घरांत चालतो.

ऐकवण्यासाठी कविता सर्वांत सोपी. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ मध्ये आली. तिच्यातील प्राण्यांना कोणत्याही प्रांताच्या मुलाची ओळख लागत नाही. स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश पुण्याच्या शाळेत शिकतो आणि संकटामागे सायकल दामटतो. गोष्ट इतकी वेगाने पळते, की अडलेला शब्द ओलांडून मूल पुढे जाते. भागवतांचा जन्म १९१० चा, आणि तोही इंदूरचा, हे इंदूरच्या मुलांना अवश्य सांगावे. न. धों. ताम्हणकरांचा ‘गोट्या’ त्याच्या जोडीला ठेवता येईल. बडोद्यात अनेक वर्षे नोकरी केलेल्या चिं. वि. जोशींचा चिमणराव थोड्या मोठ्या मुलांसाठी. तोही शक्यतो वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, कारण १९३३ च्या ‘चिमणरावाचे चऱ्हाट’मधील पुष्कळशी गंमत त्या काळच्या चालीरीतींवर उभी आहे. अलीकडच्यांपैकी माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’ संग्रह घ्यावेत. उत्तम मराठी लेखनातील वेचे आणि भारतीय चित्रे त्यांत शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे कोठूनही उघडावे आणि कोठेही थांबावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. दूरच्या गावी मराठी पुस्तकांचे दुकान नाही, ही सबब त्यामुळे बरीच लंगडी झाली आहे.

देण्यापूर्वी पुस्तक स्वतः पुन्हा वाचावे. पंचवीस-तीस वर्षांनी उघडल्यावर काही आवडती पुस्तके पार फिकी निघतात. एखाद्यात जातीची किंवा बायकांची थट्टा असते, जी लहानपणी जाणवलीच नव्हती. असे पुस्तक आपल्या आठवणीत ठेवण्यास हरकत नाही, मुलाच्या हाती देण्याचे कारण नाही.

आठ-दहा कुटुंबांनी मिळून एक पेटी केली, तर ती आजही फिरू शकते. महिनाभर एका घरी, मग दुसऱ्या. तिच्यात एक वही असावी आणि तीत लिहिण्याचा अधिकार केवळ मुलांना असावा: कोणते पुस्तक संपवले, कोणते अर्ध्यावर टाकले आणि का. मराठी लिहिता येत नसेल, तर गुजरातीत लिहावे, कन्नडमध्ये लिहावे. पुढची पेटी भरणाऱ्याने आधी ती वही उघडावी.