मालकाची चूक कोण काढणार?



दुकानात किंवा कारखान्यात नोकराची चूक काढायला मालक असतो. मालकाची चूक कोण काढणार? हिशेबनीस काढणार नाही, त्याला पगारवाढ हवी असते. भावाने काढली तर वाटणीचा विषय निघाला की काय, अशी शंका येते. बँकेचा साहेब हप्ता वेळेवर आहे ना, एवढंच पाहतो. सीए चुका दाखवतो, पण मार्च उलटल्यावर. म्हणजे गावात ज्याला सगळे नमस्कार करतात, त्या माणसाला त्याच्याच धंद्याबद्दल खरं सांगणारं कुणी नसतं. बिझनेस कोचचा मोठा फायदा इथे आहे. बाकीचे फायदे माझ्या मते यातूनच निघतात.

२००१ साली एरिक श्मिट गूगलचे प्रमुख झाले. संचालक मंडळावरच्या जॉन डोअर यांनी त्यांना सुचवलं, कोच घ्या. श्मिट यांना ते रुचलं नाही. या कामात आपण मुरलेले, आपल्याला कोण काय शिकवणार? तरी त्यांनी घेतला, आणि पुढे आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला कोणता, असं विचारलं की ते हाच सांगू लागले. तो कोच म्हणजे बिल कॅम्पबेल. कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एके काळचा प्रशिक्षक. पुढे अॅपलमध्ये नोकरी, मग इंट्युइट कंपनीचं प्रमुखपद. संगणकशास्त्र तो शिकलेला नव्हता आणि गूगलला शोधयंत्र कसं बांधावं हे त्याने सांगितलंही नाही. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुठला निर्णय टाळला जातोय, कोण बैठकीत गप्प बसतोय, यावर त्याची नजर असे.

कोच स्वतः मोठा खेळाडू असावा लागत नाही, हे समजायला आपल्याला तरी जड जाऊ नये. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. सचिन घडवायला त्यांना कसोटी शतकं लागली नाहीत, नेटशेजारी उभं राहून पाहणारी नजर लागली.

अतुल गावंडे हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, हे स्वतः बोस्टनला सर्जन झाले. काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्या हाताची प्रगती थांबली आहे. त्यांनी आपले निवृत्त गुरू रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं उभं राहून पाहायला बोलावलं. ऑपरेशन छान झालं, गावंडे खूश. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र नोंदींची गर्दी. त्यातली एक अशी, की दिवा जखमेवरून सरकला होता आणि गावंडे बराच वेळ इकडूनतिकडून परतलेल्या उजेडात काम करत होते. २०११ साली गावंडे यांनी हे सगळं 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात लिहिलं. दिवा सरकलेला सर्जनला दिसला नाही, कारण तो जखमेकडे पाहत होता. उधारी वाढत जाते तेव्हा आपणही असेच नव्या ऑर्डरीकडे पाहत असतो.

आता आपल्या दाराशी येतो. निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी हे अर्थशास्त्रज्ञ मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत शिरले. कंपन्या १७. बहुतेकांची मालकी घरातच. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार फुकट दिले. तुलनेसाठी ठेवलेल्यांची नुसती महिनाभर तपासणी केली. शास्त्रार्थच करायचा तर हे कोच नव्हेत, सल्लागार. पण ते अहवाल देऊन निघून गेले नाहीत. मागांजवळ उभे राहिले, मालकाबरोबर बसले, सांगितलेलं झालं का ते पाहायला पुन्हा आले.

त्यांना दिसलं काय? सूत लेबलाविना ओलीत पडलेलं. कुठलं किती आहे, कुणालाच ठाऊक नाही. यंत्र बंद पडलं की दुरुस्ती, तोवर तेलपाणीही नाही. कापडात दोष निघतात, पण कुठल्या मागावर आणि का, हे रोजच्या रोज कुणी पाहत नाही. मालकांचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे: शेजारच्या कारखान्यापेक्षा आमचा माल वाईट नाही, मग नोंदी कशाला? लबाडी नव्हती यात. त्यांना खरंच वाटत होतं की आपलं ठीक चाललंय.

उपाय साधे होते. दोषांची रोज नोंद, सुताला लेबल, यंत्राची वेळेवर देखभाल, सकाळची छोटी बैठक. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने काढले. यातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तोवर कंपनी किती मोठी होणार हे मुख्यतः घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होतं. परक्या मॅनेजरवर विश्वास नाही, म्हणून मुलगे संपले की शाखा संपल्या. (मुलींना कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.) रोजचे आकडे समोर यायला लागले तेव्हा मॅनेजरवर भिस्त ठेवणं थोडं सोपं झालं.

सुमारे नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. त्या कारखान्यांत रुजवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. पद्धती का सुटल्या? मॅनेजर बदलले, आणि मालकांना वेळ मिळाला नाही, ही दोन मोठी कारणं.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपल्याकडे कोच म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्याने संगीत लावायचं, टाळ्या वाजवून घ्यायच्या आणि तीन महिन्यांत उलाढाल दुप्पट असं सांगायचं, याचाही धंदा तेजीत आहे. तुमची वही न उघडता उलाढालीचं वचन देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. जो तुमच्या गोदामात येईल, येणं-देणं मागेल, तुमच्या फोरमनशी तुम्ही नसताना बोलू द्या म्हणेल, त्याच्याशी फीची बोलणी करा. त्याने पहिल्या महिन्यात तुम्हाला एकदाही नाराज केलं नाही, तर दुसऱ्या महिन्याची फी देण्याआधी विचार करा.

आणि फी ठरवण्याआधी हे ठरवा, की आठवड्यातला कुठला तास फोन बंद ठेवून त्याला देणार. तो तास निघत नसेल तर कोच नेमू नका. तेवढे पैसे तरी वाचतील.