भरल्या घरातला नववा महिना



बाळंतपणाच्या रजेसाठी आम्ही कारखान्याच्या दारात घसा फोडून भाषणे केली. परंतु आमच्याच घरी, तिसऱ्या खेपेस दिवस भरत आले असता, धाकट्याला कडेवर घेऊन पाणी कोण भरते, हे आम्ही पाहिले नव्हते. एका रात्री सभेहून परतलो, तो ती जिन्यात बादली टेकवून धापा टाकीत बसलेली! आम्ही शरमलो.

मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. आदल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. १९६१ साली देशासाठी कायदा झाला, तो १२ आठवड्यांचा. २०१७ साली २६ आठवडे मिळाले. मात्र दोन मुले हयात असतील, तर १२च. त्यांतले प्रसूतीपूर्वी फार तर सहा. म्हणजे जिच्या पायांत दोन लेकरे घोटाळतात, तिलाच विसावा कमी! कुटुंब लहान असावे, हे आम्हांस मान्य. पण त्याचा दंड नवव्या महिन्यातल्या बाईने का भरावा?

या भेदाविरुद्ध आम्ही भांडूच. परंतु घरातली बादली उचलण्यास कायदा लागत नाही. ती आपण पुरुषांनी आजपासून उचलावी, एवढेच सांगून रजा घेतो.